घरचं पेडल विरुद्ध कंपनीचं पेडल: नवशिक्यांची प्रयोगवही

शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असा क्रम असायचा. वर्गातली हुशार मुलं अनुमान आधी उतरवून घ्यायची आणि मग त्याला साजेशी निरीक्षणं बसवायची. घरी बनवलेल्या गिटार पेडलची कंपनीच्या पेडलशी तुलना करायला निघालेल्या नवशिक्यानेही हीच पद्धत वापरावी. वेळ वाचतो. तेव्हा वही उघडा आणि पहिल्याच पानावर पेनने लिहा: 'घरचं पेडल कंपनीच्या पेडलच्या तोडीस तोड आहे, किंबहुना त्याचा टोन जरा जास्त वॉर्म आहे.' वॉर्मपणा मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही, त्यामुळे हे वाक्य कुणाला खोडता येत नाही. बाकीचं सगळं पेन्सिलने लिहिलं तरी चालेल.

पेडल म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर सायकल येते त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये, जमिनीवर, एक धातूची डबी असते. ती पायाने दाबली की गिटारचा गुळगुळीत आवाज फाटतो. वडिलांच्या पिढीत स्पीकर असा फाटला की तो दुरुस्तीला जायचा. आता त्यासाठी पाच आकडी रक्कम मोजून जपानी डबी मागवतात. ज्याला ती परवडत नाही, किंवा परवडते पण पैसे देववत नाहीत, तो स्वतः बनवायला घेतो. या दुसऱ्या वर्गात मराठी माणसांचा भरणा मोठा असावा, असा माझा अंदाज आहे.

नमुना म्हणून ट्यूब स्क्रीमर निवडा. हिरवं, आयबानेझच्या नावाचं, पण बनवलेलं निशिन ओनपा या दुसऱ्याच जपानी कंपनीने. रचनाकार सुसुमु तामुरा. टीएस८०८ सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलं, टीएस९ १९८२ मध्ये. निशिन ओनपा तेच सर्किट मॅक्सॉन या स्वतःच्या नावानेही विकत होती, आणि पुढे जुन्या पेडलांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या त्या वेगळ्याच. म्हणजे 'ओरिजिनल' शोधायला गेलात की तीन-चार ओरिजिनल समोर उभी राहतात. नवशिक्याला ही पर्वणीच. ८०८ आणि ९ यांच्यातला खरा फरक आवाज बाहेर पडतो तिथल्या दोन रेझिस्टरांचा आहे: एकात १०० ओहम आणि १० किलोओहम, दुसऱ्यात ४७० ओहम आणि १०० किलोओहम. या चार आकड्यांवर माणसांनी मैत्र्या तोडल्या आहेत. तुमचं पेडल टीएस९ समोर कमी पडतंय असं वाटलं तर आपण ८०८ बनवलंय म्हणून सांगायचं. समोर ८०८ आलं तर उलट. दोन्ही एकदम समोर ठेवील अशा मित्राला बोलावूच नये.

ओरिजिनल विकत घ्यायचं नसतं. गुरुग्रामला नोकरी करणारा आणि कॉलेजात बँड असलेला एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. त्याच्या कपाटात ते धूळ खात पडलेलं असतं. 'दोन दिवसांत देतो' म्हणून घेऊन या.

आता साहित्य. सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी पुणेकराला बुधवार पेठ, मुंबईकराला लॅमिंग्टन रोड, तसं दिल्लीकराला लाजपतराय मार्केट. व्हायोलेट लाइनने लाल किला स्टेशनला उतरा आणि चांदनी चौकाच्या तोंडाशी या. नवशिक्या हमखास रविवारी जातो आणि बंद शटरं बघून, दरीबा गल्लीच्या कोपऱ्यावर जिलबी खाऊन परत येतो. ते जिलबीचे पैसे पुढे हिशेबात धरायचे नाहीत. आत गेलात की दोन हात रुंदीची काउंटरं, मागे छतापर्यंत प्लास्टिकच्या खणांची भिंत, आणि त्या भिंतीतल्या कुठल्या खणात काय आहे हे न बघता सांगणारा दुकानदार. यादी इंग्रजीत टाइप करून नेऊ नका. ती दाखवलीत की तो तुम्हाला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी समजतो आणि प्रोजेक्टचा भाव लावतो. कपॅसिटरला कंडेन्सर म्हणा, रेझिस्टरला रजिस्टन्स, आणि पोटेन्शिओमीटरला नुसतं व्हॉल्यूम.

"भैया, सौ के का व्हॉल्यूम देना. लॉग वाला."

"लीनियर है. ले जाओ, सब यही लगाते हैं."

इथे नवशिक्याने वाद घालू नये. व्हॉल्यूमच्या पाठीवर ए१००के असेल तर तो लॉग, बी१००के असेल तर लीनियर. ट्यूब स्क्रीमरच्या आवाजाच्या बटणाला ए लागतो. ए अर्ध्यावर फिरवला की सिग्नलचा जेमतेम दहावा-सातवा हिस्सा पुढे जातो, कारण कानाला आवाज तसाच पायरी-पायरीने चढलेला लागतो. बी अर्ध्यावर फिरवला की सरळ अर्धा सिग्नल जातो. म्हणजे दोन्ही पेडलांची बटणं अगदी प्रामाणिकपणे बाराच्या काट्यावर ठेवली तरी तुमचं पेडल दहा डेसिबलच्या वर मोठं वाजणार. बी आनंदाने घ्या, आणि दुकानदाराला थँक्यू म्हणायला विसरू नका. तुमच्या विजयाचा पाया त्याने घातला आहे.

मग आयसी. जेआरसी४५५८डी. ट्यूब स्क्रीमरची भक्तमंडळी या आठ पायांच्या काळ्या किड्याला देव्हाऱ्यात ठेवायच्या लायकीचा मानतात. जुन्या तुकडीचा, छपाई चकचकीत की फिकी, यावर तासन्तास बोलतात. लाजपतराय मार्केटमध्ये हाच ४५५८ बेस-ट्रेबलच्या किटमध्ये आणि सबवूफरच्या बोर्डावर लागतो. मागितलात की दुकानदार विचारेल, "वूफर बना रहे हो?" हो म्हणा. गिटारचं पेडल म्हणालात तर तो शेजारच्या दुकानदाराला हाक मारून तुम्हाला दाखवेल.

आयसीवर छापलेलं नाव खरंच असेल याची खात्री नसते. नावं पुसून दुसरी छापण्याचा धंदा जगभर चालतो. पण इथे घाबरण्यासारखं फार नाही. या पेडलमध्ये आवाज फाडण्याचं काम मुळात आयसीचं नाहीच. आयसी सिग्नल फुगवतो, साधारण बारापटीपासून एकशेअठरापटीपर्यंत, आणि त्याच्या फीडबॅकमध्ये तोंड उलट-सुलट करून बसवलेले दोन डायोड त्या फुगवट्याचा माथा दोन्ही बाजूंनी दाबतात. हे डायोड रुपया-दोन रुपयांचे. शिवाय ४.७ किलोओहमचा एक रजिस्टन्स आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर मिळून अशी व्यवस्था करतात की ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी कमी फुगतो. त्यामुळे खर्ज फारसा फाटत नाही, मधला आवाज पुढे येतो आणि बँडच्या गदारोळातही गिटार ऐकू येते. ट्यूब स्क्रीमरचं गुपित म्हणतात ते एवढंच, आणि ते कंपनीच्या कारखान्यात जसं चालतं तसंच तुमच्या डायनिंग टेबलावर चालतं. कंडेन्सरला बँडचं नाव ठाऊक नसतं. हे मात्र कुणाला सांगू नका. सांगितलंत तर तुलनाच संपली.

भाग घेऊन बाहेर आलात की समोर लाल किल्ला दिसतो. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी तिथल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली. आज पर्यटक मान वर करून बघतात ते नंतर बसवलेलं, रंगवलेलं लाकडी छत आहे, आणि तिकीट काढून आत गेलेला कुणी 'ओरिजिनल कुठाय?' म्हणून विचारत नाही. ओरिजिनल उघडून आतला माल बघण्याची आपली दिल्लीतली परंपरा जुनी आहे. तेव्हा मित्राच्या पेडलच्या तळाचे स्क्रू काढताना हात थरथरू देऊ नका.

कृतीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती सगळीकडे सारखीच असते. झिरो पीसीबीवर भाग बसवायचे, पंचवीस वॅटच्या इस्त्रीने, म्हणजे सोल्डरिंग आयर्नने, डाग द्यायचे, एक डायोड उलटा लागल्याचं शेवटी लक्षात यायचं. डबीसाठी रसगुल्ल्याचा रिकामा पत्र्याचा डबा उत्तम. पत्रा अर्थ केला की बाहेरची गुणगुण आत येत नाही. स्विचबोर्डाची प्लास्टिकची पेटी घेऊ नका, ती नोएडातल्या प्रत्येक इन्व्हर्टरची विचारपूस करते. वीज नऊ व्होल्टची लागते, पण घरात पडलेला जुन्या राउटरचा ॲडॉप्टर लावण्याआधी त्याच्यावरची खूण बघा: राउटरच्या पिनच्या मध्यभागी बहुधा प्लस असतो आणि पेडलला तिथे मायनस लागतो. ही या वहीतली एकमेव सूचना आहे जी खरोखर पाळावी.

डबा उघडून बघण्याचा हट्ट कुणी धरेल, त्याची सोय आधीच करून ठेवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या बिल फिनेगन यांनी १९९४ मध्ये क्लॉन सेंटॉर नावाचं पेडल काढलं आणि आतल्या सर्किटवर काळी इपॉक्सी ओतून ते झाकलं. लोकांनी ती खरवडून सर्किट काढलंच, पण तोवर पेडलभोवती गूढ जमलं ते जमलंच, आणि जुन्या क्लॉनला आज हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. तुमच्याकडे नळाच्या गळतीसाठी आणलेलं एम-सील असेलच. सोल्डरिंगच्या गाठी लपतात आणि गूढही निर्माण होतं.

आता निरीक्षण, आणि इथे नवशिक्याने घाई करू नये. दोन पेडलांची तुलना करायची तर दोन्हीचा आवाज सारखा करून घ्यावा, असं जाणकार म्हणतात. त्यांचं बरोबर आहे, म्हणूनच ते टाळायचं. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात. मोठा झाला की भरतात. फरक एका डेसिबलच्या आत असला तर ऐकणारा 'हे मोठं आहे' असं म्हणतच नाही. तो म्हणतो, 'हे जास्त खुलं आहे', 'याच्यात जीव आहे'. शास्त्रीय बैठकीत तबलजीने स्वतःचा माइक हळूच चढवून घेतला की श्रोते 'आज हात काय बसलाय!' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

तरी कुणी मोजायचा आग्रह धरलाच तर तो मान्य करा, मात्र मीटर तुमचा असू द्या. मार्केटमध्ये मिळणारा तो स्वस्त पिवळा मल्टिमीटर, ज्याची एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची असते, तोच काढा. तो एकदशांश व्होल्टच्या पायऱ्यांनी मोजतो. पेडलमधून येणार अर्धा-पाऊण व्होल्ट. म्हणजे मीटरवर दोन्हीकडे ०.५ दिसत असताना प्रत्यक्षात एक पेडल दीड डेसिबलने मोठं असू शकतं, आणि साक्षीदार मान डोलावून म्हणतील, 'बघा, मोजून सारखं केलं.' मोजमापाचा असा वापर सरकारी खात्यांत पूर्वीपासून होत आला आहे. गिटारवाले तो उशिरा शिकले.

पेडल बंद असतानाची अवस्थाही कामाची आहे. ओरिजिनल ट्यूब स्क्रीमर बंद केलं तरी सिग्नल त्याच्या बफरमधून जातो, त्यामुळे लांब केबलमध्ये तारस्वर फारसे मरत नाहीत. तुमच्या डब्यात तीन जोड्यांचं यांत्रिक फूटस्विच आहे. बंद केलं की गिटार थेट केबलला जोडली जाते. सहा-सात मीटरची स्वस्त केबल लावा. बंद असताना आवाज दबलेला, मातकट. आता खटकन दाबा. श्रोता उडतो: 'अरे, काय उघडला आवाज!' ओरिजिनलमध्ये हा फरक इतका जाणवत नाही, कारण ते बंद असतानाही बरं वाजत होतं. याचा उच्चार करू नये.

डोळे बांधून ऐकण्याची परीक्षा घ्यायची वेळ आलीच, तर तुमचं स्विच 'खट्ट' वाजतं आणि ओरिजिनलचं इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे हलकं दबतं, हे लक्षात असू द्या. खोलीत कुणीही डोळे बांधून बसलं तरी कानाला पत्ता लागतो. शिवाय परीक्षक कोण, हे महत्त्वाचं. सोसायटीतले शेजारी बोलावलेत तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पहले ये बताओ, महँगा वाला कौन-सा है?" त्याचं उत्तर देऊ नका, ते स्वतःच काहीतरी ठरवून उत्तर देतील. दोन तुकडे वाजवताना स्वतःच्या पेडलवर जरा जोर लावून वाजवा, तार थोडी जास्त खेचा; गिटार हाताने वाजते, आणि हात पूर्वग्रहदूषित असायला कायद्याने बंदी नाही.

वर दिलेल्या युक्त्यांनी निकाल मनासारखा लागतो. काही हट्टी मंडळी मात्र एक वेगळी रीत सांगतात: गिटारचा कोरा सिग्नल एकदाच रेकॉर्ड करावा, तोच दोन्ही पेडलांतून फिरवावा, कंप्युटरवर दोन्हींची पातळी दशांश डेसिबलपर्यंत जुळवावी, आणि कुठलं कुठलं आहे हे माहीत नसलेल्या माणसाने ते उलटसुलट क्रमाने वाजवावं. हे करू नका. मी सांगतो काय होतं ते. ऐकणारा माणूस पहिल्यांदा आत्मविश्वासाने सांगतो, मग अडखळतो, मग नाणं उडवल्यासारखं बोलू लागतो. कारण पोटेन्शिओमीटर वीस टक्के इकडेतिकडे असतो, साधा कार्बनचा रजिस्टन्स पाच टक्के, आणि एकाच खोक्यातून निघालेली दोन ओरिजिनल पेडलंही एकमेकांपासून तितकीच वेगळी वाजू शकतात. तुमचं टोनचं बटण केसभर फिरवलं की फरक मिटतो. इतक्या कष्टाने बनवलेली गोष्ट अगदी ओरिजिनलसारखी निघावी आणि तिला काही स्वतःचं म्हणता येऊ नये, हे ऐकायला कोण लाजपतराय मार्केटला गेलं होतं? मुंबईतली ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन स्वतःच्या डिझाइनची पेडलं बनवते आणि परदेशातही विकते. त्यांना ही अडचण नाही. नकलेचा धनी झाल्यावरच ती येते.

हिशेब स्वतंत्र पानावर मांडा. भाग: हजाराच्या आत. जळालेले भाग धरायचे नाहीत, ते 'शिक्षण' या खात्यावर. मेट्रो धरायची नाही, तशीही आपण दिल्ली बघायला जाणारच होतो. सोल्डरिंग आयर्न, पिवळा मीटर, ड्रिलचं पातं: हे पुढच्या पेडललाही लागणार, म्हणून भांडवली खर्च. स्वतःच्या वेळेचं मोल लावलंत तर ओरिजिनल स्वस्त पडतं, म्हणून ते लावायचं नाही. वाचलेले पैसे मोठ्या अक्षरात लिहा आणि घरच्यांना दाखवा.

हे जमलं की दुसऱ्या इयत्तेत जायचं, आणि तिथे दिल्लीची हवाच तुमची परीक्षा घेते. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने फझ फेस काढलं: दोन ट्रान्झिस्टर, चार रजिस्टन्स, तीन कंडेन्सर, दोन व्हॉल्यूम, बस्स. सुरुवातीची फझ फेस जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांवर चालायची. जर्मेनियमचे एसी१२८ पूर्वी आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवले. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या पोटात ते अजून सापडतात. कबाड्याकडून असा एखादा मेलेला रेडिओ आणा आणि पेडल बनवा. जर्मेनियमचा गुण असा की त्यातून थोडा प्रवाह गळत राहतो, आणि तापमान दहा अंशांनी चढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. जानेवारीत तुमच्या मयूर विहारातल्या खोलीत पंधरा अंश असतात, मे महिन्यात पंखा लावूनही चाळीस. गळती पाच-सहापट. कंपनीने ब्रिटिश हवेसाठी बसवलेला तोल सरकतो, आणि जानेवारीत लोण्यासारखं गाणारं पेडल मे महिन्यात खरखर करत अर्ध्या नोटेवर बंद पडतं. ओरिजिनलचंही तेच होतं, हे समाधान.

यावर इलाज सोपा आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट राहतील असा एक छोटा प्रीसेट बसवा आणि ऋतू बदलला की स्क्रूड्रायव्हरने फिरवा. तुलना मात्र नेहमी हिवाळ्यात ठेवा, ओरिजिनलला हीटरजवळ बसवा. आणि एखाद्या गिऱ्हाइकाला पेडल विकायचंच झालं तर डिसेंबरात विका, पैसे रोख घ्या, आणि होळीनंतर त्याचा फोन आला तर दोन-तीन वेळा वाजू द्या.